जुन्या गाडीचं मिसिंग जातच नाहीये? पार्ट बदलण्याआधी हे करून बघा

गाडी मिसिंग मारते (एखादा सिलिंडर मध्येच पेटत नाही आणि हिसका बसतो) म्हणून ठिणगी पाडणारे प्लग बदलले, पंधरा दिवस मस्त चालली, परत झटके सुरू. मग प्लगला जोरदार व्होल्टेज देणारी कॉइल बदलली, महिनाभर बरी, परत तेच. ज्याच्या मागे हे चक्र लागलंय त्याच्यासाठी हे लिहितोय, आणि खास करून ज्यांनी आजवर बोनेट फक्त पाणी-ऑइल बघायला उघडलंय त्यांच्यासाठी. इथे फक्त पेट्रोल इंजिनाचं बोलणारे, डिझेलचं गणित वेगळं असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. कायमचं मिसिंग शोधणं सोपं असतं, कारण मेलेला सिलिंडर मेलेलाच राहतो आणि तुम्ही निवांत तपासू शकता. जाऊन-येऊन असणारं मिसिंग तुम्ही बोनेट उघडलं की गायब होतं. त्यामुळे ते पार्ट बदलून सापडत नाही, ते कधी येतं हे पकडलं की सापडतं. म्हणून मी पाना हातात घ्यायच्या आधी वही घ्यायला सांगतो, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण वही नसल्यामुळे मी स्वतः एक कॉइल आणि चार प्लग उगाच बदललेत, ते पुढे येईलच.

मिसिंग म्हणजे आत नक्की काय होतं

चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (पिस्टनच्या धक्क्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे आयडलला (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना) ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्या, असेल तर एकेक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला जवळपास सात वेळा पेटतोय. यातला एखादा धक्का चुकला की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो आणि तो हिसका तुम्हाला सीटमध्ये, स्टिअरिंगमध्ये जाणवतो. नवीन गाड्यांचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) सुद्धा मिसिंग असंच ओळखतो, क्रँक सेन्सरवरून फिरण्याचा वेग सतत मोजत असतो आणि कुठल्या सिलिंडरच्या पाळीला वेग पडला ते बघतो. (म्हणूनच कधीकधी फार खराब रस्त्यावर चाकांतून आलेले हादरेही त्याला मिसिंग वाटतात, तेव्हा खड्ड्यांच्या रस्त्यावर एकदाच आलेल्या कोडवर (ईसीयूने नोंदवलेला फॉल्टचा नंबर) लगेच खर्च करू नका.)

पेटायला तीन गोष्टी लागतात. योग्य वेळी जोरदार ठिणगी, योग्य मापात पेट्रोल, आणि नीट दाबली गेलेली हवा. माप म्हणजे वजनाने साधारण १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. तुमचा फॉल्ट या तिघांपैकीच कुठेतरी आहे, आणि सगळी तपासणी म्हणजे एकेकाला यादीतून बाहेर काढत जाणं.

आधी हे वाचा मग पुढे जा

चेक इंजिन लाइट नुसता लागलाय ते एक, पण तो लुकलुकत असेल तर पाय लगेच हलका करा आणि सुरक्षित जागी गाडी थांबवा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल इतकं बाहेर चाललंय की ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा एक्झॉस्टमधला डबा) जाऊन जळतंय, आणि त्याच्या आतली जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. हजारभर किलोमीटर "चालतेय ना" म्हणून मिसिंगवर गाडी रेटली की प्लगच्या खर्चाचा कन्व्हर्टरचा खर्च होतो. शिवाय ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुवून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा दर्प येत असेल तर मिसिंग बरं झाल्यावर ऑइल बदलायचंच.

आणि काम करताना गाडी उघड्या हवेत ठेवा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काही करायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इग्निशनच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात, काही सिस्टिममध्ये ३०–४० हजारांपर्यंत जातात, तेव्हा इंजिन चालू असताना प्लगची वायर हाताने उपटून ठिणगी बघायचा जुना प्रकार करू नका, हातालाही धोका आणि कॉइललाही. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर चालू इग्निशनच्या जवळ जाऊच नये.

वही

एक छोटी वही डॅशबोर्डमध्ये ठेवा आणि आठवडाभर दर वेळी मिसिंग आलं की गाडी थांबल्यावर लिहा. इंजिन थंड होतं की गरम, सुरू करून किती मिनिटं झाली, आयडलला आलं की पळताना, कुठला गिअर, चढ होता का, पाऊस किंवा दमट हवा होती का, टाकीत पेट्रोल किती होतं, नुकतंच भरलं होतं का, एसी चालू होता का. आणि हिसका कसा होता, ठराविक तालात धक-धक की कसाही मध्येच. तालात असेल तर बहुतेक एकच सिलिंडर आजारी आहे, बेताल असेल तर सगळ्यांना मिळून लागणारं काहीतरी, जसं पेट्रोलचं प्रेशर, हवेची गळती, क्रँक सेन्सर.

आठवड्यानंतर वही वाचायची. आता कुठली नोंद कुठे बोट दाखवते ते सांगतो, यावर जरा वेळ घालवा कारण अर्धं निदान इथेच होतं.

चढावर किंवा टॉप गिअरमध्ये कमी स्पीडला पाय दाबल्यावर येतंय आणि सपाटीला नाही, तर पहिला संशय ठिणगीवर. कारण लोड आला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो, आणि जास्त दाबात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचा गॅप झिजून वाढलेला असेल किंवा कॉइल थकलेली असेल तर आयडलला भागतं आणि चढावर उघडं पडतं. पण पेट्रोल कमी पडत असेल तरी लोडवरच कळतं, मग फरक कसा करायचा? ठिणगीचा हिसका तोडल्यासारखा असतो, झटकन. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी दमल्यासारखी होते, पिकअप हळूहळू गळत जातो आणि पाय सोडला की परत सावरते. दोन-चार वेळा लक्ष देऊन चालवलं की हा फरक पायाला कळायला लागतो.

सकाळी पहिल्या सेल्फला खडखड चालते आणि दोन-तीन मिनिटांत सुधारते, तर यादी लांब आहे. रात्रभर टपकणारा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा पार्ट), व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन, थंडपणी सैल पडणारं आणि गरम झाल्यावर फुगून बसणारं मॅनिफोल्डचं (सिलिंडरना हवा वाटणारा पाइपांचा भाग) पॅकिंग. आणि एक गंभीर शक्यता म्हणजे हेड गॅस्केटमधून (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) रात्रभरात एखाद्या सिलिंडरमध्ये झिरपलेलं कूलंट. सोबत कूलंटची पातळी बाहेर कुठे गळती न दिसता कमी होत असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ गरम झाल्यावरही येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून हेच आधी तपासा.

उलट, गरम झाल्यावरच येतं, गाडी बंद करून अर्धा तास थांबलं की जातं, तर इलेक्ट्रिकचा पार्ट. कॉइल, इग्निशन मॉड्यूल, क्रँक सेन्सर, यांच्या आतली वायर तापली की तुटक होते आणि थंड झाली की परत जुळते. गरम झाल्यावर फक्त आयडलला थरथर असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) टाइट झालेत, म्हणजे त्यांचा गॅप कमी झालाय का तेही बघायचं, कारण व्हॉल्व्ह गरम होऊन लांबतो आणि पूर्ण बसत नाही.

आयडलला येतं आणि रेस दिली की साफ होतं, हे हवेच्या गळतीचं अगदी ठरलेलं लक्षण. आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेत असतं त्यामुळे फटीतून आलेली फुकटची हवा त्यात मोठा वाटा खाते, रेस दिल्यावर तीच फट नगण्य होते. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकला तरी असंच होतं.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर येतं तर प्लगच्या वायरी, कॉइलचे रबरी बूट, जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची (कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा पार्ट) कॅप. पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू करताना त्रास आणि थोडा वेळ मिसिंग, तर टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहतोय का बघा, नाहीतर पेट्रोलच पाणीमिश्रित आलंय. टाकी पाव राहिली की येतं, तर पंप. खड्ड्यात आपटल्यावर येतं तर सैल कनेक्टर किंवा अर्थिंग.

स्कॅनर

तुमच्या गाडीला ओबीडी पोर्ट (ईसीयूतले कोड वाचायला रीडर लावायची जागा) असेल तर स्वस्तातला रीडरसुद्धा पुरतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना तो असतो, बाकी ठिकाणी वर्ष वेगवेगळं. स्टिअरिंगखाली बघा.

पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असं पुढे. पी०३०० म्हणजे एकच असा नाही, कुठेही होतंय. पहिला सिलिंडर कुठला हे मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने धरू नका, बहुतेक इंजिनात तो टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूचा असतो पण अपवाद आहेत आणि चुकीच्या सिलिंडरवर दिवस घालवलेले लोक मी बघितलेत. सोबत पी०१७१ असेल तर मिश्रण पातळ आहे, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी.

कोड दिसला की घाईघाईने पुसू नका. कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाचा डेटा असतो, त्या क्षणी आरपीएम किती होता, लोड किती, कूलंटचं तापमान, स्पीड. म्हणजे गाडीने स्वतःच ठेवलेली वहीची एक नोंद. फोटो काढून ठेवा. काही स्कॅनर प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर मोजूनही दाखवतात, लाइट लागायच्या आधीच, तो आकडा मिळाला तर फारच उत्तम.

मग फ्युएल ट्रिम बघा. ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते हे आकडे. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं. आयडलला +२० आणि २५०० आरपीएमला +४ असं दिसलं तर हवेची गळती. आयडलला बरं आणि लोडवर वाढत जातंय तर पेट्रोल पोचत नाहीये किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी मोजतोय. पण इथे एक फसगत आहे. ठिणगीच पडली नाही तर त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न वापरता सायलेन्सरकडे जातो, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे आणि तो ट्रिम वाढवायला लावतो. म्हणजे कॉइल खराब असूनही आकडे "पेट्रोल कमी" असं बोलतात. एकाच सिलिंडरचा कोड आणि थोडा पातळपणा असं सोबत दिसलं तर आधी तो सिलिंडर बरा करा, ट्रिम मग बघा.

डोळ्यांनी, कानांनी

आता बोनेट उघडा आणि दहा मिनिटं फक्त बघा. बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का, पांढरा-हिरवा गंज आहे का. इंजिन बंद असताना चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.७ मध्ये असावी. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी जुन्या गाडीत आतून कुजलेली असते आणि हे इतक्यांदा सुटतं लक्षातून. मल्टिमीटरचा एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा, इंजिन चालू करून हेडलाइट-फॅन लावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग आधी नीट करा.

रबरी पाइप हाताने दाबून बघा, टोकांना चिरा पडतात, खालच्या बाजूने, जिथे दिसत नाही. उंदरांनी कुरतडलेली वायर, पिन मागे सरकलेला कनेक्टर, तुटलेला क्लिप. रात्री अंधारात इंजिन चालू करून लांबून बघा, वायरीवर किंवा कॉइलजवळ निळसर ठिणग्या चमकताना दिसल्या तर तिथून करंट पळतोय.

कुठला सिलिंडर ते पकडणं

कोड मिळाला असेल तर हे झालंच. नसेल तर, मिसिंग चालू असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा आणि इंजिनाच्या आवाजात फरक पडतो का ऐकायचं. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच आणखी लंगडतं, ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही तो आधीच मेलेला होता. कॉइलपेक्षा इंजेक्टरचा कनेक्टर काढणं बरं, कारण मग न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरकडे जात नाही. या प्रकाराने कोड येतील, ते नंतर पुसता येतात.

दुसरा मार्ग इन्फ्रारेड थर्मामीटरचा. थंड इंजिन सुरू करून एखाद-दोन मिनिटांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणारे पाइप) प्रत्येक फाट्यावर नेम धरून आकडा घ्या, जो फाटा बाकीच्यांपेक्षा बराच थंड तोच गुन्हेगार. कार्ब्युरेटरच्या गाडीला जिथे स्कॅनर नाही तिथे हे फार उपयोगी पडतं.

प्लग बोलतात

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढायचे, ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना काढले तर आटे निघतात. आधी खोबणीतली माती हवेने उडवा नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. काढलेले प्लग क्रमाने ठेवा, कागदावर १-२-३-४ लिहून, कारण एकत्र केले तर त्यांचं बोलणं वाया गेलं.

फिकट तपकिरी किंवा करडा रंग चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही. ओला, चिकट, काळा आणि ऑइलचा वास म्हणजे पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील खराब. पांढरा, फोड आल्यासारखा म्हणजे फार गरम, मिश्रण पातळ किंवा चुकीच्या हीट रेंजचा (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचं माप) प्लग. बाकी तीन मळलेले आणि एकच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर खूश होऊ नका, त्या सिलिंडरमध्ये कूलंट जात असण्याची शक्यता आहे.

पांढऱ्या चिनीमातीवर उभी बारीक काळी रेघ दिसतेय का ते उजेडात नीट बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी असते. त्या रेघेवरून करंट टोकापर्यंत न जाता बाहेरून बॉडीला जातो आणि बरोबर लोडवर मिसिंग येतं. आणि ही रेघ प्लगवर असली की कॉइलच्या बुटाच्या आतही तिची जोडीदार असते, त्यामुळे फक्त प्लग बदलला तर जुना बूट नव्या प्लगला परत तीच रेघ पाडतो. परत परत येणाऱ्या मिसिंगचं हे फार मोठं कारण आहे.

गॅप फीलर गेजने मोजा, गाडीप्रमाणे साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर, नेमका आकडा मॅन्युअलचा. इरिडियम प्लगचं टोक नाजूक असतं, त्याला गेजने रेटू नका. नवीन प्लग आधी फक्त बोटांनी फिरवत बसवा, आटे अडखळले तर बाहेर काढून परत, आणि शेवटचं कसणं टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरानेच कसणारा पाना) मॅन्युअलप्रमाणे.

अदलाबदल

तिसऱ्या सिलिंडरचा कोड आहे असं धरा. तिसऱ्याची कॉइल पहिल्याला आणि पहिल्याची तिसऱ्याला लावा, बाकी काहीही हलवू नका, कोड पुसा, आणि वहीत ज्या परिस्थितीत मिसिंग येतं तशीच गाडी चालवा. कोड पहिल्यावर गेला तर कॉइल. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर. एका वेळी एकच गोष्ट. हे मी ओरडून सांगेन, एका वेळी एकच गोष्ट, कारण दोन बदलल्या आणि मिसिंग गेलं तर कशाने गेलं हे कळत नाही आणि परत आलं की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

माझ्या गाडीत हेच झालं. तिसऱ्याचा कोड होता, मी चारही प्लग आणि तिसऱ्याची कॉइल एकदम बदलली, गाडी लोण्यासारखी चालायला लागली आणि विषय संपला असं वाटलं. पाच आठवड्यांनी चढावर परत तोच हिसका, परत पी०३०३. यावेळी कॉइल उपसली तर बुटाचं टोक ऑइलने माखलेलं. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधला प्लगच्या खोबणीभोवतीचा रबरी सील कडक होऊन तडकला होता, त्यातून थेंब थेंब ऑइल खोबणीत साचत होतं, आणि ते ऑइल बुटाचं रबर फुगवून खराब करत होतं. पहिली कॉइल काढली तेव्हाही तिथे ऑइल होतंच, मी पुसून टाकलं होतं. नवी कॉइल टाकून मी फक्त पाच आठवडे विकत घेतले. सील बदलला, खोबण साफ केली, नवा बूट लावला, त्यानंतर तो हिसका आला नाही. तेव्हापासून कुठलाही पार्ट मेला की मी आधी विचारतो की याला मारलं कशाने.

जुन्या गाडीला प्रत्येक प्लगवर वेगळ्या कॉइलऐवजी लांब वायरी असतील तर प्रत्येकीचा रेझिस्टन्स मोजा, एकमेकींशी आणि लांबीशी तुलना करा, मोजताना वायर हलवत राहा, आकडा उड्या मारायला लागला तर आतून तुटकी आहे. आणि वायरी एकमेकींना चिकटून समांतर जाऊ देऊ नका, क्लिप लावून वेगळ्या ठेवा.

पेट्रोलची बाजू

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवा, फॅन-बेल्टपासून कपडे-केस लांब ठेवून. प्रत्येकाची टिक-टिक सारखी ऐकू आली पाहिजे, एखादा गप्प किंवा दबका असेल तर त्याचा कनेक्टर आणि रेझिस्टन्स बघा, बऱ्याच गाड्यांत तो १२ ते १६ ओहम असतो, पण चौघांत तफावत नसणं जास्त महत्त्वाचं. टिक-टिक आहे म्हणजे वीज पोचतेय एवढंच, पेट्रोल नीट फवारलं जातंय असं नाही, अर्धवट तुंबलेला इंजेक्टरही टिकटिकतो. मग अदलाबदल किंवा काढून सफाई.

प्रेशर गेज लावूनच मोजायचं, साध्या मल्टिपॉइंट सिस्टिमला साधारण ३ बारच्या आसपास असतं, पण आकडा मॅन्युअलचा धरा. आणि आयडलला मोजून थांबू नका, गेज सुरक्षित बांधून लोडवर बघता आलं तर तिथेच खरं कळतं, थकलेला पंप आयडलला अगदी शहाण्यासारखा वागतो. फिल्टर कधी बदललाय आठवत नसेल तर बदला, हा एक पार्ट मी न तपासता बदलायला हरकत घेणार नाही. लाइन उघडायच्या आधी प्रेशर उतरवा, जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवा. डायरेक्ट इंजेक्शनची गाडी असेल तर हाय प्रेशर लाइनला हातच लावू नका, तिथे दाब इतका असतो की धार कातडीत घुसते.

हवा

गळती शोधायला धूर सोडणारं मशीन सगळ्यात चांगलं, फट जिथे तिथून धूर. ते नसेल तर इंजिन आयडलला ठेवून एकेक पाइप चिमटीत दाबा, आवाज बदलला की तिथे. ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (ऑइलच्या चेंबरमधली वाफ परत इंजिनात नेणारा) पाइप, मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि इंजेक्टरखालचे ओ-रिंग, या चार जागा सोडू नका. काही जण कार्ब क्लीनरचा फवारा मारून शोधतात, चालतं ते, पण तो भडकतो, तापलेला एक्झॉस्ट शेजारीच असतो, म्हणून नवख्या माणसाला मी तो मार्ग सांगत नाही, पाण्याचा बारीक फवारा मॅनिफोल्डच्या सांध्यावर मारूनही बऱ्याचदा आवाज बदलतो.

कॉम्प्रेशन

वरचं सगळं ठीक निघालं तर हे, आणि खरं सांगायचं तर दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीला हे थोडं आधीच करायला हरकत नाही, कारण इथे दोष असेल तर वरचा कुठलाच पार्ट मदत करणार नाही.

इंजिन गरम करून थोडं निवू द्या (पूर्ण थंड करायचा वरचा नियम फक्त इथे सोडायचा, म्हणून प्लग जपून काढा), सगळे प्लग काढा, ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही पोचणं बंद करा, गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला कोणालातरी सांगा आणि पाच-सहा ठोके होईपर्यंत सेल्फ मारा. चारही आकडे लिहा. समजा १७०, १६५, १६८ आणि ११० पीएसआय आले. सगळे सारखेच थोडे कमी असते तर इंजिन फक्त वयस्कर म्हटलं असतं, पण एकच १५–२० टक्क्यांपेक्षा जास्त खाली म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये काहीतरी आहे. आता त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चांगला वर आला तर रिंग, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजवली. नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही खाली असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट उडालंय असं धरून चला. टॅपेट ॲडजस्ट करता येत असतील तर हेड उतरवायच्या आधी ते मोजा, नुसत्या टाइट टॅपेटमुळेही व्हॉल्व्ह उघडा राहून कॉम्प्रेशन पडतं, आणि गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीट झिजून हे लवकर होतं.

सगळेच आकडे एकदम पडले असतील आणि नुकतंच बेल्टचं काम झालं असेल तर टायमिंग एखादा दात सरकलंय का बघा.

पॉइंट-कार्ब्युरेटरवाल्या गाडीला

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आत भेगा आणि काळ्या रेघा, रोटरचं टोक, पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळलेत का आणि त्यांचा गॅप, कंडेन्सर, एवढं आधी. शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे हलवा, खेळ असेल तर गॅप कितीही सेट करा तो टिकणार नाही आणि मिसिंग परत येणार. कार्ब्युरेटरकडे यानंतर जा, तुंबलेला आयडल जेट, सैल झालेले बेसचे नट, फ्लोटची पातळी. कार्ब्युरेटरला आधी दोष देऊन स्क्रू फिरवत बसलं की मूळचं सेटिंगही हरवतं.

झाल्यावर

कोड पुसा आणि वहीतल्या त्याच परिस्थितीत गाडी न्या. थंडपणीचं मिसिंग असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी, चढावरचं असेल तर त्याच चढावर त्याच गिअरमध्ये, पावसाचं असेल तर पाऊस येईपर्यंत थांबावंच लागेल. लाइट लागला नाही तरी आठवड्याने स्कॅनर लावून पेंडिंग कोड (लाइट लागायच्या आधीच नोंदलेले) बघा, तिथे आधी कळतं. महिन्याभराने ज्या सिलिंडरचा त्रास होता त्याचा प्लग एकदा परत काढून शेजाऱ्याच्या प्लगशी रंग जुळवा, आणि जुळला तर वहीत तारीख आणि किलोमीटर टाकून ठेवा.